प्रुइट मास्तरांचे दोन रकाने

आमच्या मॉस बेंड गावात प्रुइट मास्तरांच्या हाताखालून न गेलेला माणूस शोधायचा झाला तर तो पाळण्यात शोधावा लागेल. अडतीस वर्षं त्यांनी आमच्या हायस्कुलात अमेरिकेचा इतिहास शिकवला. बँकेतला माणूस त्यांचा विद्यार्थी, शेरीफ त्यांचा विद्यार्थी, आणि शेरीफ ज्याला दर दोन महिन्यांनी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल आत टाकतो तोही त्यांचाच. वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी तपकिरी कागदाचा एक लांबलचक तक्ता चिकटवला होता. डावीकडे एकाखाली एक लढाया, आणि पुढे दोन रकाने. एकावर लिहिलेलं 'निमित्त', दुसऱ्यावर 'कारण'. पोरं त्यांना पाठीमागे 'दोन रकाने' म्हणायची. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"निमित्त वर्तमानपत्रात छापून येतं," ते म्हणायचे. "कारण खणून काढावं लागतं. त्याला हत्यार एकच. का? उत्तर आलं की परत, का? तिसऱ्या वेळी समोरचा माणूस चिडतो. चिडला की समजायचं, आता जवळ आलो."

अठराशे बाराची लढाई घ्या. इंग्रज आमचे खलाशी भर समुद्रात जहाजांवरून उचलून नेत होते, हे निमित्त. "पटलं?" मास्तर विचारायचे. "मग मला सांगा, ज्यांची जहाजं आणि ज्यांचे खलाशी, ते न्यू इंग्लंडवाले लढाई नको म्हणत होते. आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता ते पश्चिमेचे लोक टेबलावर मुठी आपटत होते. का बरं?" मग हळूहळू जमीन बाहेर यायची. उत्तरेला इंग्रजांच्या ताब्यातली जमीन, मूळच्या इंडियन टोळ्यांची जमीन. मेक्सिकोच्या वेळी 'आमच्या भूमीवर आमचं रक्त सांडलं' हे निमित्त. ती भूमी आमची की त्यांची हेच मुळात ठरलेलं नव्हतं, आणि कारण म्हणजे पार पश्चिमेच्या समुद्रापर्यंत सुटलेली हाव. स्पेनच्या वेळी बंदरात आमचं जहाज फुटलं, हे निमित्त. व्हिएतनामच्या वेळी तिथल्या आखातात आमच्या जहाजांवर दोन हल्ले झाले म्हणाले, त्यातला दुसरा झालाच नव्हता.

यादवी युद्धाशी आले की वर्गात चुळबुळ सुरू व्हायची. आमच्या मिसुरीतून दोन्ही बाजूंनी माणसं गेली, आणि आमच्या दफनभूमीत ती शेजारी-शेजारी पुरलेली आहेत. एखादा पोरगा घरून ऐकून आलेलं बोलायचा, "राज्यांच्या हक्कांसाठी लढाई झाली, सर."

"कसला हक्क?"

"आपलं आपण ठरवायचा."

"काय ठरवायचा?"

पोरगा खाली बसायचा. मग मास्तर स्वतःच म्हणायचे, "माणूस विकायचा," आणि तो रकाना स्वतःच्या हातानं भरायचे. संध्याकाळी घरोघरचे फोन यायचे. मास्तर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच शिकवायचे. स्वतः ते कुठल्याच लढाईला गेले नाहीत. डोळे अधू म्हणून फौजेनं त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ते कुणी कधी तोंडावर काढलं नाही. काढायची वेळ यायची होती.

आता मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. घरात एकटेच. सकाळी साडेसहाला ते चौकातल्या नोरीनच्या कॅफेत येतात. तिथं खिडकीशी एक लांब टेबल आहे, आमच्या म्हाताऱ्यांचं. व्हर्जिल स्टॅम्पर, ज्यानं उभा जन्म धान्याच्या कोठारावर काढला, तो टेबलाच्या डोक्याशी बसतो आणि हवामानाचा निकाल देतो. मास्तर टोकाच्या खुर्चीवर. त्यांच्या शेजारची एक खुर्ची रिकामी असते. कुणी ठरवून ठेवत नाही, पण असते. सोयाबीनचा भाव, नदीचं पाणी, कुणाचा गुडघा बदलला, सगळं त्यांच्याशी बोललं जातं. इतिहास सोडून.

नोरीन रॅन्सम त्यांच्या कपात कॉफी ओतते. बोलत नाही. वीस वर्षं ती त्यांच्या कपात रोज कॉफी ओतते आहे आणि वीस वर्षांत "अजून?" यापलीकडे शब्द नाही. कधीकाळी मास्तरांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची, तोंडाची टकळी थांबायची नाही. मास्तरही कप पुढे करतात, मान हलवतात, आणि घरी जाऊन डब्यातलं सूप गरम करून पितात. दुपार फार मोठी असते. कधीकधी ते जुन्या पेपरांचा गठ्ठा काढून तपासलेलेच पेपर पुन्हा तपासतात.

झालं होतं ते असं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, आमचं अख्खं गाव दफनभूमीत जमतं. कॉफीच्या रिकाम्या डब्यांना चांदीचा कागद गुंडाळून त्यांत बायका परसातल्या पिओनीची फुलं आणतात आणि कबरींवर ठेवतात. मग इतिहासाचा मास्तर गावच्या मेलेल्या जवानांची नावं वाचतो. लढाईमागून लढाई, आणि प्रत्येक लढाईआधी तिच्याबद्दल एक वाक्य. ही रीत मास्तरांच्या आधीपासूनची. मास्तरांनी ती सव्वीस वर्षं बिनबोभाट पाळली. वाक्यं साधी असायची, 'अमुक साली, तमुक ठिकाणी.'

दोन हजार चारच्या मे महिन्यात यादीत एक नवीन नाव आलं. कोल्बी रॅन्सम, नोरीनचा एकुलता एक. बावीस वर्षांचा. दोन आठवड्यांपूर्वी इराकमध्ये मारला गेला होता, कबरीवर अजून गवतसुद्धा उगवलं नव्हतं. मास्तरांचा मुलगा क्लेटन त्याच तुकडीत, तेव्हा तिथेच. मास्तर कागद घेऊन उभे राहिले. सगळी नावं वाचली. शेवटच्या लढाईशी आले आणि त्यांच्यातला वर्गातला मास्तर जागा झाला. म्हणाले, "या लढाईचं निमित्त होतं घातक शस्त्रं. ती सापडलेली नाहीत. कारण आपल्याला अजून कुणी सांगितलेलं नाही." आणि मग वाचलं, "कोल्बी जेम्स रॅन्सम."

चुकीचं काही बोलले नव्हते. पण वर्गात बरोबर असलेली गोष्ट कबरीशी बरोबर असतेच असं नाही. एवढं साधं कळायला अडतीस वर्षं मास्तरकी करावी लागत नाही. नोरीन तशीच उभी राहिली, हातात फुलांचा डबा. मागून कुणीतरी म्हणालं, "ज्यानं जन्मात रायफल धरली नाही तो आम्हाला शिकवतोय." आमच्या साप्ताहिकानं ते भाषण जसंच्या तसं छापलं आणि कुठल्याशा शहाण्यानं तो अंक क्लेटनला तिकडे पाठवला.

क्लेटन नाताळात सुटीवर आला. दारातच उभा राहिला, कोट काढला नाही. "तुमचं बरोबर होतं, बाबा," तो म्हणाला. "तुमचं कायमच बरोबर असतं." गाडीत जाऊन बसला आणि गेला. त्याच्यानंतर तो मॉस बेंडला आला नाही. कॅन्ससमध्ये सलायनाला त्यानं घर केलं, लग्न केलं. पुढच्या वर्षीपासून दफनभूमीतली नावं धर्मगुरू वाचायला लागले. मास्तर दर नाताळाला मुलाला कार्ड पाठवत राहिले. उत्तर एकदाच आलं, सुनेच्या अक्षरातलं पाकीट, आत नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो. सोबत चिठ्ठी नव्हती.

या एप्रिलमधली गोष्ट. मंगळवार होता, दुपारचे चार. फोन वाजला. मास्तरांना वाटलं, औषधाच्या दुकानातून असेल.

"मिस्टर प्रुइट आहेत का?" मुलीचा आवाज.

"बोलतोय."

"मी ब्रिन. ब्रिन प्रुइट, सलायनाहून." मग पटकन, "तुम्ही खरंच तेच ना? म्हणजे, जिवंत आहात ना?"

"आज सकाळपर्यंत तरी होतो," मास्तर म्हणाले आणि भिंतीला धरून खुर्चीत बसले.

"तुमचा नंबर नाताळच्या कार्डावर होता. आई सगळी कार्डं खणात ठेवते. बाबांना माहीत नाहीये मी फोन केलाय. म्हणजे कार्डं माहीत आहेत, फोन माहीत नाही." तिनं दम घेतला. "मला इतिहासाचा निबंध लिहायचाय. अमेरिकेच्या कुठल्याही दोन लढायांच्या मुळाशी असलेल्या कारणांची तुलना. आईनं सांगितलं की तुम्ही हेच शिकवायचात."

"कुठल्या दोन घेतल्यास?"

"मेक्सिकोची आणि इराकची. मॅडम म्हणाल्या, ही जोडी अवघड आहे, दुसरी घे. मग तर घ्यायलाच पाहिजे ना."

"अर्थात," मास्तर म्हणाले. ही कुणाची नात, ते सांगायला नको.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. दर मंगळवारी चार वाजता फोन. मास्तर मंगळवारी दाढी करायला लागले. फोनवर दाढी दिसत नाही, हे त्यांनाही कळत होतं. मुलगी हुशार होती, आणि वर भांडकुदळ.

"दोन्हीकडे आधी ठरवलं, मग कारण शोधलं, असं लिहू?"

"असं लिही, पण सिद्ध कर. मेक्सिकोच्या वेळी फौज कुठे नेऊन ठेवली होती?"

"दोन नद्यांच्या मध्ये. वादाच्या जागेत."

"का?"

"म्हणजे... ते गोळी झाडतील म्हणून?"

"आणि ते झाडतील याची वाट का बघायची?"

"अहो आजोबा, तुम्ही किती वेळा का म्हणता? डोकं फिरतं माझं."

ती 'आजोबा' म्हणाली होती. तिला कळलंही नाही. मास्तरांनी मात्र फोन ठेवल्यावर किती तरी वेळ हात फोनवरून काढला नाही. दुसऱ्या दिवशी कॅफेत व्हर्जिल मास्तरांना म्हणाला, "काय रे एल्डन, लॉटरी लागली की काय? दोन अंडी मागवलीस."

"नात फोन करते," मास्तर म्हणाले. कॉफी ओतता ओतता नोरीनचा हात जरा थांबला, मग पुढे गेला.

तिसऱ्या मंगळवारी ब्रिनचा आवाज निराळा होता.

"आजोबा, मॅडमनी एक भाग वाढवलाय. घरातल्या कुणाला तरी विचारायचं, तो लढाईवर का गेला. मी बाबांना विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, ज्यानं सही केली त्याला विचार. मी शोधून काढलं. सतराव्या वर्षी भरती व्हायचं तर आईबापांची सही लागते. बाबा सतराचेच होते. आजी तर तेव्हा नव्हती. म्हणजे तुम्हीच केलीत ना?"

"मी केली."

"का?"

"त्याला जायचं होतं. मोठा झाला होता. त्याच्या मर्जीच्या आड मी कशाला येऊ?"

मग मुलगी हळूच म्हणाली, "पण आजोबा, हे तर निमित्त झालं."

"दारावर कुणीतरी आलंय," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी आलेलंही नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी सूपही केलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते एकोणीसशे नव्याण्णवचा वसंत आठवत राहिले. बायको, लोइस, त्याआधीच्या नोव्हेंबरात गेली होती. गावातल्या बायकांनी दुखवट्याच्या घरी द्यायच्या आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॅसरोल, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाची भांडी, आणून दिली, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. बापलेकांनी सहा आठवडे दुसऱ्यांच्या भांड्यांतलं जेवण खाल्लं. क्लेटन वर्गात बापालाच 'सर' म्हणायचा आणि घरी काहीच म्हणायचा नाही. जेवताना मास्तर पेपर तपासायचे. भरतीचा कागद सहीसाठी पुढे आला तेव्हाही तपासत होते, हे त्यांना आठवत होतं. चौतीस पेपर होते, पहिल्या महायुद्धावरचे. कुणाला किती गुण दिले तेही सांगितलं असतं त्यांनी. मुलाचा चेहरा कसा होता, तेवढं आठवेना.

खोटं बोलायची सोय होती. पोर सोळा वर्षांची. काहीही सांगितलं असतं तर तिनं लिहून घेतलं असतं. खरं सांगितलं तर ती पुन्हा फोन करेल कशावरून? मंगळवारचे चार गेले की मास्तरांकडे उरतं काय? डब्यातलं सूप. ते घाबरले होते. आमच्या टेबलावर कुणाला तसं सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं असतं, पण मास्तरांनी ती सवय कधी लावून घेतली नव्हती.

पुढच्या सोमवारी ते कॅफेत दहाला आले. गर्दी ओसरली होती, आम्हीही उठलो होतो. नोरीन काउंटर पुसत होती.

"नोरीन," मास्तर म्हणाले, "एक विचारायचंय. कोल्बीच्या कागदावर तू सही केली होतीस?"

फडकं थांबलं. मास्तरांना वाटलं, आता ही आत निघून जाईल. ती गेली नाही.

"केली," ती म्हणाली. "सहा दिवसांनी केली. सहा दिवस भांडले त्याच्याशी, सर. शिव्या दिल्या. ताट फेकलं, ते भिंतीला लागून फुटलं. त्याच्या गाडीची किल्ली लपवली. तरी तो हटेना, तेव्हा केली." तिनं फडकं पिळलं. "तुम्ही किती वेळ घेतलात?"

मास्तर समोरच्या कपाकडे बघत राहिले.

"त्या दिवशी दफनभूमीत तुम्ही खोटं बोललात म्हणून मी बोलायची थांबले, असं वाटतं ना तुम्हाला? खोटं काय होतं त्यात? गावाला पटलं नसेल, मला पटलं होतं. पण ते सरकारचं कारण, सर. माझ्या पोराचं नव्हे. माझं पोर का गेलं ते तुम्हाला हवं होतं तर मला विचारायचं होतं. मी सांगितलं असतं."

"का गेला?"

"क्लेटन एकटा जाईल म्हणून." ती खाली बघत होती. "म्हणाला, त्याच्या घरी कुणी त्याला अडवलं नाही, आई. मी पण नाही गेलो तर त्याच्याबरोबर कोण आहे? यावर मी काय बोलणार होते? सही केली."

मास्तरांना म्हणायचं होतं, चूक झाली, माफ कर. ते म्हणालेही, पण इतकं हळू की नोरीनला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिनं त्यांचा कप उचलला. "गार झाली ही," ती म्हणाली. "थांबा, दुसरी देते." दुसरी दिली, आणि त्यांनी ती उभ्यानंच प्यायली.

मंगळवारी चार वाजता फोन वाजला नाही. सव्वाचार झाले. साडेचार झाले. मास्तरांनी कधी न केलेली गोष्ट केली. कार्डांवर घालायचा तो सलायनाचा पत्ता त्यांच्याकडे होता, नंबर नव्हता. पण फोनच्या छोट्या पडद्यावर आधीच्या मंगळवारचा नंबर राहिलेला होता. चष्मा कपाळावर चढवून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत त्यांनी तो लावला.

"आजोबा?" ब्रिन म्हणाली. "मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलो नव्हतो, पळालो होतो. तुला 'कारण'च्या रकान्यातलं हवं होतं ना? कागद जवळ आहे? लिहून घे."

"आहे."

"तुझा बाप हुबेहूब तुझ्या आजीसारखा दिसायचा. मान तिच्यासारखीच तिरकी करायचा, हसायचाही तसाच. ती गेली आणि तो रोज टेबलाशी माझ्यासमोर बसायचा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून मी पेपरांत डोकं घालायचो. तो कागद घेऊन आला तेव्हा मला बरं वाटलं, ब्रिन. घरात असं कुणी समोर बसणार नाही, म्हणून बरं वाटलं. त्याच्या मर्जीचा वगैरे काही संबंध नव्हता. आई गेलेल्या पोराला मी घराबाहेर जाऊ दिलं, माझ्या सोयीसाठी. झालं लिहून?"

पेन्सिल चालल्याचा आवाज येत नव्हता.

"आजोबा," ती म्हणाली, "फोन स्पीकरवर आहे. लिहायला हात मोकळे हवेत म्हणून मी नेहमी ठेवते. बाबा लवकर आलेत आज. दारात उभे आहेत."

"कधीपासून?"

"आजीसारखा दिसायचा, इथपासून."

खुर्ची सरकली. काहीतरी उचलल्याचा आवाज झाला, आणि वीस वर्षांनी मास्तरांना मुलाचा श्वास ऐकू आला. अडतीस वर्षं जो शब्द दिवसातून पन्नास वेळा सहज तोंडी यायचा, तो आता काही केल्या ओठांवर येईना. शेवटी आला.

"का गेलास रे?"

"पेन चालत नव्हतं," क्लेटन म्हणाला.

"काय?"

"मी तुम्हाला सहीला माझं पेन दिलं. तुम्ही कोपऱ्यात दोनदा गिरवून बघितलंत, उमटेना. मग उठलात आणि आतल्या खोलीत दुसरं शोधायला गेलात. बराच वेळ लागला तुम्हाला. खण उघडल्याचे आवाज येत होते. मी टेबलाशी बसून ठरवलं, बाबा परत आले आणि नुसतं का म्हणाले, तरी कागद फाडायचा. मला कुठं जायचं होतं? मला नव्हतंच जायचं."

"आणि मी?"

"सही केलीत. पेन मला देऊन टाकलंत. म्हणालात, राहू दे तुझ्याकडेच, लागेल."

मास्तरांनी डोळे मिटून खूप शोधलं. टेबल दिसलं, पेपर दिसले, चौतीसच्या चौतीस.

"मला आठवत नाही, क्लेटन," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," क्लेटन म्हणाला. "म्हणून तर सांगतोय."